सर्व्हरला काय म्हणायचं?

कुठल्याही एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या सोशल मीडियाचं मराठी भाषांतर मी करत होतो. तिथे प्रत्येक गटाचा सर्व्हर वेगळा, नियम वेगळे, तरी सगळे एकमेकांशी बोलतात. ‘विकेंद्रित संघीय जाळे’ लिहिलं आणि चिडून खोडलं. असं कोण बोलतं? शेवटी सिद्धगडाखालच्या आमच्या घरी तांदूळ पाखडत बसलेल्या आईला सगळं समजावून सांगितलं आणि अशा एका सर्व्हरला काय म्हणावं ते विचारलं.

“मंग तो पाडाच नाय का रे?” ती म्हणाली. “आपला पाडा निराला, कारभार निराला, पन सोयरीक सगल्यांशी.”

मी उठून अंगणात येरझारा घालू लागलो. शब्द मला जन्मापासून ठाऊक होता. पण कॉलेजात कोणी गाव विचारलं, की मी नुसतं तालुक्याचं नाव, ‘मुरबाड’, सांगायचो आणि पाडा गिळून टाकायचो.