रस्त्याच्या तोंडाशी राहणारे काका

प्रिय मुलांनो,

तुम्ही घ्यायच्या विचारात असलेल्या घराचा फोटो मिळाला. समोरचा रस्ता थेट दारावर येऊन संपतो, हे चालेल का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत देण्याआधी आमच्या शेजारच्या फेंगशुईकाकांबद्दल सांगते, कारण त्यांचं घर अगदी असंच.

काका स्वतःच्या अंगणात सरळ चालत नसत. कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते मोबाईलवर फेंगशुईचे व्हिडिओ पाहू लागले. सरळ येणारी ऊर्जा घराला बाणासारखी लागते, हे त्यांच्या मनाने घेतलं. मग फाटकापासून दारापर्यंत त्यांनी कुंड्या अशा मांडल्या की येणाऱ्याला नागमोडीच यावं लागे. दूधवाला एकदा कुंडी ओलांडून थेट आला, तर त्याला फाटकापर्यंत परत पाठवलं.

घरात पैसा आणणारा म्हणून तीन पायांचा चिनी बेडूक आला, दारात किणकिणणाऱ्या नळ्या लागल्या. "वहिनी, औषधं चालू आहेत, पण रोग जागेतच आहे," काका मला सांगत. शेवटी त्यांनी घर विकायचं काढलं, तेव्हा काकूंना अन्न गोड लागेना. त्या ओसरीवर मशीन मांडून ब्लाउज शिवत. रस्त्याने कोण येतं, कोण जातं, सगळं त्यांना बसल्या जागी दिसे. दुसरीकडे त्या रमल्या नसत्या. त्यांनी एक शेवटचा उपाय करून बघा, म्हणून गळ घातली.

उपाय म्हणजे आरसा. रस्त्याची ऊर्जा रस्त्यालाच परत. काकांनी कपाटाचा उभा आरसा काढून रस्त्याकडच्या, पश्चिमेच्या दाराशेजारी ठोकला. त्याच संध्याकाळी निंबोला गावाहून केळी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आली. मावळतीचं ऊन आरशावर पडलं आणि तिथून ड्रायव्हरच्या डोळ्यांत. फाटक, कुंड्या, सगळं पार करून ट्रॅक्टर पायरीला टेकला, ट्रॉली कलंडली आणि केळीचे घड ओसरीवरून थेट बैठकीत गेले. कुणाला साधं खरचटलंही नाही. "काकाजी, सामने से दूसरा सूरज आ गया," ड्रायव्हर एवढंच म्हणत राहिला.

घडांच्या मधोमध उभ्या काकांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. "मी सांगतच होतो, रस्ता घरात शिरणार. उद्याच गिऱ्हाईक बघतो."

काकूंनी देवघरातून कुंकू आणून समोरच्या घडाला लावलं. "अहो, लक्ष्मी भरल्या घडांनी दारातून आत आली. तुमच्या बेडकाने कधी एक केळं तरी आणलं? आता घर विकणं म्हणजे तिला हाकलणं."

काका मोबाईलवर बराच वेळ शोधत बसले. केळ्यांबद्दल चिनी लोकांचं काही म्हणणं सापडेना. घर राहिलं. केळीवाल्या मालकाने चांगली केळी भरून नेली, दबलेल्यांचं शिकरण गल्लीने आठवडाभर खाल्लं.

पुढे काका रोज संध्याकाळी काकूंच्या मशीनपाशी खुर्ची टाकून बसू लागले. ऊर्जेवर लक्ष ठेवतो, म्हणायचे, पण मला विचाराल तर ते नुसता रस्ता बघत असत. गेल्या थंडीत ते झोपेतच गेले.

रस्ता आजही त्यांच्या दारावरच येऊन संपतो. काकू तिथेच राहतात. तेव्हा माझं मत विचाराल, तर घर खुशाल घ्या, फक्त दाराशी आरसा लावू नका.