आईनं आबांना दिलेला शब्द

माझ्या वडिलांच्या, आबांच्या आजारपणात त्यांचं सगळं मीच बघत होते. मला भाऊ नाही. राजारामपुरीतल्या क्लासमध्ये सकाळी शिकवायचं आणि मग आबांना गाडीवर मागं बसवून डायलिसिसला न्यायचं, असं चाललं होतं. सिग्नलला थांबलो की ते शेजारच्या रिक्षावाल्याशी कुस्तीवर बोलायला लागायचे.

शेवटी शेवटी एकदा त्यांनी माझ्यासमोरच आईला सांगितलं, "अग्नी पोरीनंच द्यायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा न्हाय."

आई त्यांचे पाय चेपत होती. म्हणाली, "व्हय. तीच देईल."

त्या दुपारी आबा गाढ झोपले.

ते गेले तेव्हा मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या कपड्यांनीच दारात आले. तिरडी बांधून झाली होती. विस्तवाचं मडकं उचलायला मी वाकले, तर काकांनी ते आपल्या मुलाच्या हातात दिलं. मलकापूरचा हा चुलतभाऊ आजारपणात एकदाही फिरकला नव्हता.

"काका, आबांनी मला सांगितलंय."

"वैनींनीच फोन केलता की, पोराला घेऊन या म्हणून."

मी आईकडं बघितलं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

आबांना दारात ठेवून भांडायचं कसं? पंचगंगेवर मी सगळ्यांच्या मागं उभी राहिले.

पाहुणे पांगल्यावर आईला विचारलं, "करायचं नव्हतं, तर व्हय कशाला म्हणालीस?"

"मरणाऱ्या माणसाला न्हाय म्हणायचं व्हय? पुतण्या असताना पोरीनं अग्नी दिला तर त्यांना गती मिळंल का? बायकोचा धर्म मला बघायला नगो?"

"आणि दिलेला शब्द?"

तिनं अंथरलेली सतरंजी गोळा करायला घेतली.

आबांनी तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला होता. आपण फसवले गेलो हे त्यांना कळलंसुद्धा नाही. ते मला एकटीलाच कळलं, आणि ज्या बाईनं फसवलं तिच्याच हातचं मी रोज जेवत होते.

वर्षश्राद्धाला चुलतभाऊ पाटावर बसला. मी आत खीर करत होते. आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "तू बी ये. तिळपाणी सोड."

"चालतंय?"

"चालतंय की. घरातच हाय, आता कोण बघतंय?"

म्हणजे आबांची गती अडली होती ती बघणाऱ्यांपाशी. मी बाहेर गेले नाही. पानं वाढायला घेतली.