डाव्या बाजूचं पॉलिश

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकतीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली आणि तेवढीच वर्षं घरात एक बढाई मारली: गाडीला साधा ओरखडा नाही. ऐकून ऐकून आईचे कान किटले. पण मुलांना जपावं ते त्यांनीच. प्रत्येक मूल चढलं की खाली उतरून दार स्वतः ओढून बघायचे.

त्या शनिवारी दुपारी ते व्हॅन माझ्या गॅरेजात घेऊन आले.

"जरा फुटपाथला चाटली. स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. सोमवारी मुलं आहेत, तेवढं बघून दे."

"चाटली की धडकली?"

"चाटली म्हटलं ना! गिऱ्हाइकाशी असाच बोलतोस का?"

गिऱ्हाईक नेहमी 'चाटली'च म्हणतं. मी जॅक लावला. पुढच्या डाव्या चाकाला खालून धरून ठेवणारा लोअर आर्म वाकला होता, शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळत होतं, टायरला लिंबाएवढा फुगा आला होता. नुसतं चाटून एवढं होत नाही. रिमची काळी कड बघायला रॉकेलची चिंधी फिरवली, तर चिंधी काळी झाली. बुटाचं पॉलिश. त्याखाली ओरखडे, जुने आणि नवे, एकावर एक. मागच्या डाव्या चाकाचीही तीच गत. उजवीकडे मात्र एकही नाही.

मला काहीतरी वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. हात आपले नेहमीसारखे चालत राहिले. आर्म बदलला, शॉकअब्सॉर्बर बदलला, टायर बदलला, अलाइनमेंट केली. चक्कर मारून आणली तर व्हॅन अगदी नाकासमोर चालली.

अप्पा बाकावर पेपर वाचत बसले होते. त्यांच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर, मी गुपचूप किल्ली ठेवली.

"झालं अप्पा. किल्ली घ्या."

"कुठेय?"

"ही काय, बाकावर."

त्यांनी उजवीकडे पाहिलं. बाकाखाली वाकून पाहिलं. खिसे चाचपले. मी बघत उभा राहिलो. दगड झालो होतो म्हणा. शेवटी त्यांचा डावा हात चाचपडत किल्लीला लागला. ती उचलताना त्यांना माझ्या हातातली काळी चिंधी दिसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"यंदा शाळा सुरू झाली तेव्हापासून."

"आत मुलं असताना?"

अप्पांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली.

"सोमवारी सातला पहिली चष्मेवाली चढते," ते म्हणाले. "ती दार नीट लावत नाही. तू उतरून ओढून बघ."