खराटा आपला न्हवं

कोल्हापुरात समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या सरांचा एकच मंत्र होता: विश्वसनीय ऑनलाइन संदर्भ. ते नसतील तर सरांची सही नाही, आणि सही नाही तर पदवी नाही. लघुप्रबंधाचा विषय माझ्याच गावातला, ग्रामस्वच्छता आणि लोकसहभाग. गाव कुरुंदवाडच्या पलीकडं, एसटीनं दीड-दोन तास. पण गावात जाऊन माणसांना विचारणं म्हणजे मागासलेपणा. म्हणून मी होस्टेलच्या कॉटवर बसून मोबाइलमध्ये गाव शोधत होते.

सामुदायिक विकास म्हणजे काय, हे सांगणाऱ्या साइट्स पोत्यानं. पहिलीनं व्याख्या दुसरीवरून उचललेली, दुसरीनं तिसरीवरून आणि तिसरीनं, धन्य ती, पहिलीवरून. एकीनं तर लोकसहभागाबद्दल वाचू देण्याआधी माझाच मोबाइल नंबर मागितला. दिला. अजून फ्लॅट घ्या म्हणून फोन येतात.

शेवटी घबाड सापडलं. एका संस्थेचा रंगीत अहवाल, आणि त्यात चक्क आमचं गाव! महिला स्वच्छता समिती, दर आठवड्याला बैठक आणि पानभर फोटो. फोटोत हातात खराटा घेतलेली माझी आई. खाली छापलेलं, 'सक्षम स्थानिक नेतृत्व'. आई पुढारी झाली आणि घरात कुणाला पत्ता नाही!

रविवारी गावी गेले. आई डेअरीला दूध घालून नुकतीच आली होती. तिला फोटो दाखवला.

"मीच हाय की. पर ह्यो खराटा आपला न्हवं. गाडी आलती. खराटं वाटलं, फोटू काढलं, खराटं गोळा करून निघून गेली."

"आणि समिती?"

"कसली समिती? पूर वसरल्यावर गल्लीतला गुडघाभर गाळ आमी बायकांनी काढला, पेंडीच्या पोत्यांत भरून. आठ दिस. तवा कुणी फिरकलं न्हाय. लिव की ते."

लिहिलं. चार पानं. कुणी गल्लीचं कुठलं टोक धरलं, कुणाच्या घरी सगळ्यांच्या भाकरी झाल्या, सगळं. दोन वर्षं मी जे पाठ करत होते ते आईनं करून ठेवलं होतं. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला.

सरांनी पानं उलटली. "छान आहे. लिंक कुठंय?"

"आईनं सांगितलंय, सर."

"अगं, आई विश्वसनीय असते, पण संदर्भसूचीत बसत नाही. तो अहवाल बघ कसा आहे, पान क्रमांकासकट."

प्रबंध द्यायला दोन दिवस उरले होते आणि मला पदवी हवी होती. चार पानं काढली, अहवाल ठेवला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी संदर्भांचं खास कौतुक केलं. पहिला वर्ग मिळाला.

काळ्या बाइंडिंगचा प्रबंध घेऊन घरी गेले. आईनं पदराला हात पुसले. सातवी शिकलेली बाई, ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. फोटोपाशी थांबली, पुढं गेली, शेवटच्या पानापर्यंत गेली आणि परत मागं आली.

"गाळाचं कुठल्या पानावर हाय गं?"