काटाबाईने सही केली नाही

वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे काटाबाई म्हणायचे. तपासणीच्या टेबलावर तिची बावीस वर्षं गेली होती. शिक्षण बेताचंच, पण काट्यात कुठं पाणी मुरतंय ते तिला नुसता आकडा बघून कळायचं.

नवजात बाळांच्या काट्याचं काम निघालं, तेव्हा डिझाइनच्या साहेबांनी एक नवी चिप निवडली. वजनाचा दाब पडला की लोडसेलमधून, म्हणजे काट्याखालच्या दाब ओळखणाऱ्या पट्टीतून, इवलासा विद्युतदाब येतो. त्याचा आकडा करायचं काम या चिपचं. काट्याची सगळी भिस्त तिच्यावर.

"सेकंदाला हजारो वेळा मोजते ही," साहेब कौतुकाने म्हणाले.

"आणि हजारो वेळा चुकते," काटाबाई म्हणाली.

तिने काट्यावर दोन किलोचं तपासणीचं लोखंडी वजन ठेवलं आणि शेजारी बाळांना ऊब देणारा हीटर लावला, वॉर्डात असतो तसाच. आकडा वीस ग्रॅम खाली-वर नाचू लागला. हीटरच्या तारांतल्या विजेची गुणगुण ती चिप जशीच्या तशी उचलत होती. मग तिने दुसरा काटा पुढे ओढला. त्यातली चिप सेकंदाला दहाच आकडे द्यायची, पण गुणगुण गाळून. आकडा जागचा हलला नाही.

"बाळ हातपाय झाडतं. तिथे ही गोगलगाय काय कामाची?"

"बाळाचं हलणं सरासरीत धरता येतं, साहेब. तुमची चिप तर लोखंडालाही हातपाय झाडायला लावते!"

सगळे हसले. साहेबांचे कान लाल झाले. मालक मात्र वैतागले. "वीस ग्रॅमसाठी एवढं? काटा पास म्हणून करा सही, बाई."

"माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात जन्मली. तिचं वजन दिवसाला वीस ग्रॅम वाढलं तरच आईच्या घशाखाली घास उतरायचा. मी सही करणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिची रवानगी पॅकिंग विभागात झाली.

"कशाला वाकड्यात शिरतेस?" नवरा म्हणाला.

"खोटं लिहायला त्यांनी सांगायचं आणि वाकडी मी?" तिने ताट त्याच्यापुढे सरकवलं. "जेव."

तिच्या सहीविनाच वॉर्डात वापरून बघायला पाठवलेला नमुन्याचा काटा महिनाभराने परत आला. सोबत नर्सबाईंचा तिखट निरोप होता: 'आमची बाळं दूध पिऊन हलकी होतात, असं तुमचा काटा म्हणतो.'

मालक स्वतः पॅकिंगमध्ये आले. "चला, टेबलावर बसा."

काटाबाईने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली नाही. "आधी चिप बदला. मग येते."

"अहो, मी सांगतोय ना!"

"मीही तेच सांगत होते."

तीन आठवडे ती खोकी बांधत राहिली. हळू मोजणारी चिप लावलेले बारा काटे तयार झाल्यावरच टेबलावर गेली. हीटर लावून एकेक तपासला. दहा पास केले, दोन नापास.

"आता काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"यांच्या तारांचे सोल्डरचे टाके कच्चे आहेत," ती म्हणाली आणि दोन्ही काटे त्यांच्या हातात दिले.