नागपूरची बंदूक

आरमोरीच्या बाजारओळीत शिलाई मशीन, स्टो आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या कय्यूमला लोक आता बंदूकवाला म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं. एके काळी ते निखळ कौतुक होतं. ज्यानं ते मिळवून दिलं त्यानंच ते मातीत घातलं, आणि तो काही परका माणूस नव्हता. शाळेत कय्यूमच्या मांडीला मांडी लावून बसणारा हेमराज होता तो.

हेमराज झाडीपट्टीतला, म्हणजे आपल्या या जंगलपट्ट्यातला नट. दिवाळी सरली की आपल्याकडे मंडईच्या जत्रा भरतात, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट लागतात, गावोगाव मंडप पडतात आणि माणसं घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत नाटक बघतात. हेमराजची स्वतःची कंपनी होती, आवाज भरदार होता आणि जीभ अशी गोड, की त्याला नाही म्हणणारा माणूस तालुक्यात सापडला नसता. कारगिलची लढाई झाली त्या वर्षी झाडून साऱ्या कंपन्यांनी फौजी नाटकं काढली, तसं यानंही काढलं. शेवटच्या अंकात जवान एकटा शिखरावर बसून शत्रूची तुकडी थोपवतो. जवान अर्थातच हेमराज. अडचण एकच, बंदुकीची. दुसऱ्या एका कंपनीची प्लायवूडची बंदूक भर लढाईत मधोमध मोडली होती आणि मरून पडलेले शत्रूसुद्धा पोट धरून हसले होते, ही गोष्ट अजून ताजी होती.

"कय्यूमभाऊ, मले मोठी बंदूक पायजे," हेमराज दुकानात येऊन म्हणाला. "जाड नळीची. घोडा दाबला का ठो, पुन्हा दाबला का पुन्हा ठो. मधात भराचं काम नाई, आपोआप भरली पायजे."

"मंग मिलिटरीतून आन न. मी स्टोवाला मानूस."

"खरी कोनाले पायजे बाबा? टिकल्या फोडनारी कर. पन शेवटच्या रांगेतल्या म्हातारीले खरी वाटली पायजे."

कय्यूम हसला, पण रात्री त्याला झोप येईना. काम डोक्यात शिरलं की त्याचं असंच व्हायचं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात भंगाराचा ढीग पडला. मोटारपंपाचा लोखंडी पाइप लावून पाहिला, तर हेमराजचं मनगट पहिल्याच अंकात लटकलं असतं. टीव्हीच्या अँटेनाचा दांडा लावला, तर बंदुकीची बासरी झाली. शेवटी जुन्या फवारणी पंपाचं पितळी नळकांडं जमलं. काळा रंग मारल्यावर ते बघून त्याचा त्यालाच धाक वाटला. दस्त्यासाठी शिवण झाडाचं लाकूड घेतलं, कारण ते हलकं असतं आणि पटाशीला त्रास देत नाही. राहता राहिला आपोआप भरण्याचा प्रश्न. टिकल्यांची कागदी पट्टी दर चापाला नेमकी एक टिकली पुढे सरकली पाहिजे. सायकलचं फ्रीव्हील घातलं, ते पट्टीच फाडून टाकी. मग एकदा दुरुस्तीला आलेल्या, गल्लीतल्या इंदिराबाईंच्या मोडक्या शिलाई मशीनला तेल घालता घालता त्याचा हात थांबला. टाक्यागणिक कापड पुढे ढकलणारे ते बारीक दाते! इंदिराबाई म्हणाल्या, "घे बाबा, तशीही पडूनच हाय." पण दांडा दुकानातल्या दुसऱ्याच मशीनचा होता, आणि एका मशीनचे दाते दुसरीच्या दांड्याला बसत नाहीत, हे शिंप्यालाही माहीत नसतं. कय्यूमनं घासून घासून ते जमवले, टाका लांब करायचा स्क्रू पार सैल केला, ठोकणीला सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग लावली आणि घोडा दाबला. ठो. पुन्हा दाबला. पुन्हा ठो. शेजारचा कापडवाला दुकानाबाहेर पळाला.

त्याची बायको सुलताना मात्र पहिल्यापासून नाराज होती. घरात ती हिंदीतच बोले. "अपने इधर बंदूक का नाम भी अच्छा नहीं," ती म्हणायची. खोटं नव्हतं ते. इकडे जंगलात खऱ्या बंदुका फिरत होत्या, आणि त्या कोणाच्या हे बाजारात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

बंदूक न्यायला आलेल्या हेमराजनं पैशांसाठी खिशात हात घातला तेव्हा कय्यूमनं तो धरला. "पैसे नको. माइकवर नाव घे."

मंडपात पडदा उघडायच्या आधी देणाऱ्यांची नावं पुकारतात. नारळ देणाऱ्याचं, सतरंजी देणाऱ्याचं, नटाला बक्षीस देणाऱ्याचं. कय्यूमचं नाव कधी पुकारलं गेलं नव्हतं, त्याच्या बापाचंही नाही. अर्ध्या तालुक्याचे स्टो त्यानं पेटते केले, पण स्टोवाल्याचं नाव माइकवर कोण घेतो? हेमराजनं घेतलं. पहिल्या प्रयोगाला त्यानं बंदूक दोन्ही हातांनी उचलून धरली आणि त्याच भरदार आवाजात म्हणाला, "ही तोफ आरमोरीच्या कय्यूमभाऊंच्या हातची!" मंडपभर शिट्ट्या झाल्या. मग शेवटच्या अंकात टांगलेल्या माइकखाली टिकल्या फुटायला लागल्या, तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरली. त्या हंगामात जिथं नाटक तिथं कय्यूमचं नाव झालं. तो बिचारा रस्त्यानं जरा छाती काढून चालायला लागला. चालू द्यायचं होतं त्याला तसंच.

होळीनंतर मंडप उतरले, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. हेमराजच्या हातात पैसा टिकत नसे. दोन नटांना नक्षलवाद्यांसारखा हिरवा गणवेश चढवून, तोंडाला फडकं बांधून आणि कय्यूमची बंदूक खांद्याला लावून तो कोरचीकडे एका तेंदूच्या फळीवर गेला. फळी म्हणजे पानं मोजून घेण्याची जागा. मजुरांना वाटायची रोकड तिथं ठेकेदाराच्या मुनशीजवळ असते. मुनशीनं पेटी पुढे केली. इथवर सारं ठीक होतं. पण नटाला गप्प राहवतं का? जाता जाता हेमराजनं एक भाषण ठोकलं, अगदी मंडपातल्यासारखं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. मुनशी झाडीपट्टीच्या नाटकांचा शौकीन. पहिल्या दोन वाक्यांतच त्यानं आवाज ओळखला.

हेमराजला धरलं, आणि संध्याकाळी पोलीस कय्यूमच्या दुकानापुढे उभे राहिले. ठाण्यात फौजदाराच्या टेबलावर बंदूक ठेवली होती आणि पलीकडे हेमराज बसला होता.

"हा म्हणतो, बेत तुझा होता. बंदूक त्यासाठीच केली, आणि वाटा ठरला होता," फौजदार म्हणाला.

कय्यूमनं हेमराजकडे पाहिलं. तो खाली बघत होता, पण बोलला स्वच्छ. "कोनालेही विचारा सायेब. बंदूक त्याचीच हाय. मीच नाव घेतलं होतं माइकवर, दर प्रयोगाले."

जे नाव कय्यूमनं मजुरीऐवजी मागून घेतलं होतं, तेच आता त्याच्याविरुद्ध साक्षीला उभं होतं, आणि साक्षीदार गावोगावचे. त्यानं बंदूक हातात मागितली. फौजदार थोडा घुटमळला, मग दिली. कय्यूमनं टिकल्यांची पट्टी घालून घोडा दाबला. दाराशी उभा असलेला शिपाई झटकन खाली बसला, आणि मग साऱ्यांनाच हसू आलं. कय्यूमला आलं नाही. फौजदार समजूतदार होता. पुष्कळ विचारपूस करून त्यानं कय्यूमला सोडलं. ठेकेदाराला बोभाटा नको होता, तेव्हा हेमराजही यथावकाश जामिनावर सुटला. बंदूक मुद्देमालात गेली.

कय्यूम सुटला म्हणजे फक्त ठाण्यातून सुटला. गिऱ्हाईक दुकानासमोरून मान वळवून जाऊ लागलं. जंगलाकडची माणसं तर साफ यायची बंद झाली. बंदूकवाल्याकडे पंप नेला आणि उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं? इंदिराबाई एकदा आल्या, आपली बिघडलेली इस्त्री तशीच उचलून घेतली आणि हळूच म्हणाल्या, "ते दाते माह्या मशीनचे होते, हे कोनाले सांगजो नको, बाबा."

दिवाळी जवळ आली तसा कय्यूम हेमराजच्या घरी गेला. भांडला नाही. फक्त म्हणाला, "तुह्या एका शब्दानं गेलो मी. आता त्याच माइकवर एक शब्द बोल. कय्यूमचा त्याच्यात काईच हात नव्हता, बस. लोकं तुह्यं आयकतेत."

हेमराजनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी आणलं. "तुह्या पोटावर पाय देईन काय मी, भाऊ? आरमोरीतच पयला प्रयोग हाय. तू ये फक्त."

कय्यूम गेला. धुतलेला सदरा घालून पुढच्या रांगेत बसला. हेमराज माइकसमोर आला, नारळवाल्याचं नाव झालं, सतरंजीवाल्याचं झालं. कय्यूम वाट बघत राहिला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "बंदूकवाल्याचं नाव घ्या न!" मंडपात खसखस पिकली.

हेमराजची नजर कय्यूमवर आली आणि सरकली. "कोन बंदूकवाला?" तो हसत म्हणाला. "आमची बंदूक तं नागपूरहून आनली होती. नागपूरच्या कारागिराची. इथी कोनाले तसं काम जमते काय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा उघडला. कय्यूम उठून मंडपाच्या मागे गेला, तर हेमराजच घाईघाईनं त्याच्याकडे आला. चेहऱ्याला रंग, अंगात फौजी कपडे, हातात प्लायवूडची बंदूक.

"झालं न तुह्यं काम? बंदुकीवरून नावच काढून टाकलं तुह्यं. आता कोन काय म्हनते तुले?"

कय्यूमनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला वाटलं होतं, निदान नजर तरी खाली जाईल. पण हेमराज खरोखर खूश होता. आपण मित्रावर उपकार केले, असंच त्याला वाटत होतं.

"ठान्यात माही होती," कय्यूम म्हणाला. "मंडपात नागपूरची झाली."

आतून हेमराजला हाक आली आणि तो पळाला.

घरी सुलताना दारातच उभी होती. "लिया नाम?" तिनं विचारलं.

"लिया," कय्यूम चपला काढत म्हणाला. "नागपूर का लिया."