सुमनच्या डाव्या पायाचा गुण

माझी सायटिका ऑपरेशनशिवाय बरी झाली. बायकोच्या लाथेनं.

गेली वीस-बावीस वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आलो आहे. आज त्यातला खोटा भाग सांगून टाकतो. (मी मुळात अबोल माणूस. त्यामुळे खोटंही एकदाच बोललो आणि पुढं तेच पुरवून पुरवून वापरलं.)

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी ऊर्जानगरला वीज केंद्रात, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर कामाला होतो. सासुरवाडी नागभीडची. एका उन्हाळ्यात तिकडून निघताना सासऱ्यांनी जुन्या तांदळाचं पोतं दिलं. बसच्या टपावर चढवायला हमाल पुढं आला.

"राहू दे गा," मी म्हणालो. सासरे बघत होते ना!

पोतं खांद्यावर घेतलं आणि शिडी चढू लागलो. तिसऱ्या पायरीवर कंबरेत 'कट्' झालं आणि ढुंगणापासून टाचेपर्यंत विजेची जिवंत तार फिरली. पोतं टपावर पोचलं. मला मात्र दोघांनी उचलून खाली आणलं. त्यातला एक तोच हमाल!

कॉलनीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "सायटिका. लाकडी फळीवर झोपायचं, पायाला दोरीनं दोन विटा टांगायच्या, शेकायचं, मी दाखवतो ते व्यायाम करायचे. तीन आठवड्यांत गुण आला तर ठीक. नाहीतर नागपूरला ऑपरेशन."

ऑपरेशन म्हटल्यावर सुमनचा चेहरा उतरला. मूल तेव्हा दीड वर्षाचं. दुसऱ्याच दिवशी माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, नागभीडहून मोहाच्या वाळल्या फुलांचं गाठोडं घेऊन हजर! ती फुलं तव्यावर गरम करून फडक्यात बांधायची आणि कंबर शेकायची. घरभर असा दारूच्या भट्टीचा वास सुटायचा की शेजारचे रामटेके भाऊ रोज संध्याकाळी तब्येत विचारायला येऊ लागले. (तब्येत विचारून झाल्यावर ते स्वयंपाकघराकडं बघत बसायचे. शेवटी आत्याबाईंनी त्यांना चहाच दिला. त्यानंतर ते एक दिवसाआड येऊ लागले.)

आता कबुली. पंधराव्या दिवशी मी बरा झालो.

सकाळी उठून पाय उचलला, तर कळ नाही. खोकलो, कळ नाही. फळी, विटा आणि व्यायाम यांनी आपलं काम केलं होतं. मी सुमनला हाक मारणार, तेवढ्यात ती उकडलेली अंडी घेऊन आली आणि म्हणाली, "पडून राहा जी. उठू नका."

दोन अंडी होती. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या मटण होतं. परवा बाहेर ऊन असं होतं, की कोळशाच्या पट्ट्या आठवूनच पाठ दुखायला लागली. असं करत करत आणखी दहा दिवस गेले! सुमन कडेवर पोर घेऊन रॉकेलच्या रांगेत उभी राहायची, माझ्या सायकलला दळण बांधून न्यायची, परत आल्यावर मला वारा घालायची. मी डोळे मिटून कण्हायचो. कण्हणं मला छान जमत होतं, हे सांगताना आजही मान खाली जाते.

गुरुवारी डॉक्टर घरी आले. माझं कण्हणं ऐकून त्यांनी मान हलवली आणि नागपूरची चिठ्ठी लिहून दिली. येत्या मंगळवारी ऑपरेशन!

सुमन चूल विझवून भिंतीला टेकून बसली. पदर तोंडात धरून रडत होती. मला आतून ऐकू येत होतं. 'बरा झालो' म्हणावं, तर दहा दिवसांचा हिशेब कोण देणार? न म्हणावं, तर मंगळवारी पाठ फाडणार. चांगली पाठ!

आणि रविवारी सकाळी सुमननं अचानक जाहीर केलं, "मी पायाळू आहो."

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. त्यानं कंबरेला पाय लावला की लचक पळते, असं आमच्याकडं सगळे मानतात.

"काऊन जी, एवढे दिवस नाई सांगितलं?" रामटेके भाऊ म्हणाले.

"नवऱ्याले लाथ मारनं बरं दिसते का भाऊ? पन आता ऑपरेशनच म्हनून राह्यले."

आत्याबाईंनी गंभीरपणे मान डोलावली. "हो जी. पायाकडूनच आली हे. लय तरास देल्ला मले."

मला तर आकाशातून दोरी सोडल्यासारखं वाटलं! लाथ बसेल, मी उठेन, ऑपरेशन टळेल. मी उत्साहानं पालथा होणार होतो, पण वेळेवर आठवून कण्हत कण्हत झालो.

अंगणात चटई टाकली. सगळी क्वार्टरची लाइन जमली. सुमननं पदर खोचला. पहिल्यांदा डाव्या पायाचा अंगठा कंबरेला हलकेच लागला. दुसऱ्यांदाही हलकेच. तिसऱ्यांदा?

तिसऱ्यांदा मी थेट कढीपत्त्याच्या आळ्यात होतो! हात-पाय चिखलात, तोंडात दोन पानं.

"उठले! उठले!" रामटेके भाऊ ओरडले. मी खरंच उठलो, कारण चौथी येते की काय, या भीतीनं पळायचं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामटेके भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली आणि व्यायाम सोडू नका, एवढंच म्हणाले.

मग सुरू झाली यात्रा. भद्रावतीहून एसटीनं लोक येऊ लागले. माझे साहेबसुद्धा एकदा चटईवर पालथे झाले. सुमन सगळ्यांना नुसता अंगठा लावायची आणि वरून चहा पाजायची. एकेक कंबर पालथी होऊ लागली की मी कप विसळायला आत जायचो. हे सगळं माझ्या खोट्यावर उभं होतं!

अखेर मागच्या आठवड्यात राहवलं नाही. शेंगा सोलत बसलो होतो. एका दमात सगळं सांगून टाकलं. अंडी, मटण, कण्हणं, सगळं.

सुमन शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "मी तरी कुठी पायाळू आहो? पायाळू तं आमची बेबी."

बेबी म्हणजे माझी मेहुणी.

"म्हनजे?"

"त्या शनवारी रॉकेलचं दुकान बंद होतं. मी लवकर वापस आली. खिडकीतून पाह्यलं तं तुमी स्टुलावर उभे. एका पायावर! चिवड्याचा डबा काढून राह्यले होते. आईले म्हनलं, आता काय करू? आई म्हने, हान."

"आन् मंग इतके लोक बरे झाले ते?"

"ते त्याईचे ते झाले. इथी आराम भेटे, चहा भेटे. डॉक्टरचे व्यायाम मी सगळ्याईले सांगत होती."

मग सुमन हसायला लागली, मग मीही. बावीस वर्षांचं ओझं एकदम उतरलं. हसता हसता मी विचारलं, "मंग बाकीच्याईले अंगठा, आन् मलेच तेवढी जोरात काऊन?"

"बाकीच्याईचं काय दुखे, मले मालूम नोयतं," ती शांतपणे म्हणाली. "तुमचं काईच दुखत नोयतं, हे मालूम होतं."

त्यावर मी इतका हसलो, की वाकताना कंबरेत पुन्हा तेच 'कट्' झालं. आज पाचवा दिवस. टाचेपर्यंत कळ जाते. अगदी खरीखुरी. पण घरात मी ताठ चालतो, शीळ घालतो, दळण आणतो. कारण सुमनचा डावा पाय अजून ठणठणीत आहे!